बोहनीनंतरची खुर्ची

१२ एप्रिल, शनिवार

नितेशच्या मशीनला, म्हणजे मी जोडलेल्या नव्या कॉम्प्युटरला, जो 'स्पेशल स्पीड' दिला त्याचा खरा खर्च असा: तीन मिनिटं, डिलीटच्या बटणावर आठ-दहा टिचक्या, एका ओळीत 'बंद'च्या जागी 'चालू', आणि तोवर गार झालेला अर्धा कप चहा. नितेशला सांगितलं, कालचा सारा दिवस ट्यूनिंगमध्ये गेला. तो खूश. खूश झालेल्या गिऱ्हाइकाला खरा खर्च सांगू नये.

गोष्ट साधी आहे. मेमरीच्या पट्टीला कंपनी दोन वेग देते, एक सरळ चालीचा, एक दौडीचा. सरळ चालीचा सव्वीसशे सहासष्ट, दौडीचा छत्तीसशे. मशीन सुरू होताना डिलीट दाबलं की आतल्या सेटिंगचा पडदा येतो. तिथं दौडीचा वेग चालू करायचा. अकोल्यातले बाकीचे कारागीर त्या पडद्याला भितात. मी दहावी नापास, रेडिओ खोलून खोलून शिकलेला माणूस. मला पडद्याची भीती नाही. पट्ट्या मात्र दोन कंपन्यांच्या टाकाव्या लागल्या, एकसारखी जोडी आली नव्हती. सावत्र बहिणी आहेत, पण एका घरात नांदताहेत.

दुपारी मशीन नितेशच्या फ्लेक्सच्या दुकानात बसवली. त्याची आई मैनाबाई गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून असते. तिनं कॅबिनेटला हळदकुंकू वाहिलं, हळद पंख्यात गेली आणि मागून पिवळा फवारा उडाला. मी म्हटलं, "बाई, मशीनले आतापासूनच शिंका आल्या." खूप हसली.

ऑपरेटर प्रतीक्षा नावाची मुलगी आहे, सव्वीस वर्षांची. नवरा धामणगाव रेल्वेला अपघातात गेला, त्याला दोन वर्षं झाली. अक्षरं अशी बसवते की बघत राहावं. दुपारी एक ते आठ तिची वेळ. सकाळी नितेश स्वतः बसतो, कारण मैनाबाईचा नियम आहे: बोहनी, म्हणजे दिवसाचं पहिलं काम, प्रतीक्षाच्या हातानं नको. "पोरगी गुणाची हाये जानराव, पण बोहनी ते बोहनी." हे मुलीच्या समोरच. मुलीनं माउसची वायर सरळ केली.

२३ एप्रिल, बुधवार

नितेशचा फोन. "काका, मशीन मधातच मरते. निळा पडदा येते आन् सारं सफाचट." वीस बाय दहाचं वाढदिवसाचं बॅनर होतं, एकशे बारा शुभेच्छुकांचे फोटो. ऐंशी लावून झाले आणि गेलं.

सकाळी दहाला गेलो. दोन तास चालवली. मोठ्या फाईली उघडल्या, मिटल्या. मेमरीची चाचणी एक फेरी लावली, पास. कॅबिनेटला कान लावला. तीस वर्षं मी कानानं दुरुस्ती करतो आहे. पंखा, डिस्क, पॉवर सप्लाय, तिघांचे सूर जागेवर.

एक वाजता प्रतीक्षा आली. तिच्याजवळ शाळेची दोनशे पानी वही. तारीख, वेळ, कोणती फाईल, पडद्यावर कोणते शब्द आले, सगळं लिहिलेलं. "काका, सात खेप झालं. सातही खेप दोनच्या नंतर. आन् पाच खेप पडद्यावर मेमरीचं नाव आलं."

मी म्हटलं, "पोरी, मेमरी म्हंजे याददाश्त. ज्याची याददाश्त जाते ते बरळते. त्याच्या बरळण्यावर डॉक्टर औषध देते का?" नितेश हसला. तिनं बहुधा तेही वहीत लिहिलं.

पॉवर सप्लाय बदलून दिला. निघताना चहा आला. नितेश म्हणाला, "काका, सकाळी माह्या हाती तं बराबर चालते. दुपारीच काहून मरते?"

"तुहा हातगुण, दुसरं काय," मी म्हटलं. "दुपारच्या पार्टीचा पायगुण पाह्य मंग."

सहज बोललो. नव्या सुनेच्या पावलांनी घराचं बरं-वाईट होतं म्हणतात, तो शब्द कॉम्प्युटरला लावला, एवढीच गंमत. नितेशच्या नाकातून चहा आला. मैनाबाई हसली नाही. ती दाराशी काढून ठेवलेल्या प्रतीक्षाच्या चपलांकडे पाहत होती.

२६ एप्रिल, शनिवार

पानठेल्यावर उभा होतो. मागं दोन अनोळखी पोरं एकमेकांना सांगत होती, "फ्लेक्सवाल्याकडं एक बाई हाये, तिच्या पायगुणानं कॉम्प्युटर मरते." माझाच विनोद, तीन दिवसांत दीड किलोमीटर. मी वळूनसुद्धा पाहिलं नाही, पण सुपारी जरा गोड लागली.

३० एप्रिल, बुधवार

विंडोज नव्यानं टाकलं. अर्थिंगच्या खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं. मशीन काल पुन्हा पडली, परवाही पडली होती.

आज मी त्यांना शास्त्रशुद्ध प्रयोग सुचवला. भिंतीवर कागद चिकटवायचा, दोन रकाने: सकाळी नितेश, दुपारी प्रतीक्षा. कोणाच्या हाती पडते त्याच्या रकान्यात फुली. नितेशला फार आवडलं.

प्रतीक्षा म्हणाली, "काका, मले दोन दिवस सकाळी बसू द्या. नितेशभाऊ दुपारी बसतीन. तवाच कयन ना खरं काय ते."

"सकाळी नाई," मैनाबाई म्हणाली.

"बाई, बोहनी नितेशभाऊच करतीन. मी त्याच्यानंतर..."

"सांगतलं ना वं, सकाळी नाई."

मुलीचं म्हणणं सरळ होतं. मला पटलंसुद्धा. पण दुसऱ्याच्या दुकानातल्या रीतीत मी कशाला तोंड घालू? मी म्हटलं, "प्रयोग चालू तं होऊ द्या." हसत म्हटलं, म्हणजे कोणाला लागू नये.

५ मे, सोमवार

सकाळच्या रकान्यात एकही फुली नाही. दुपारच्या रकान्यात सहा. नितेशनं त्या सहा फुल्यांना लाल पेनानं गोल केलं आहे. कागदावर आलं की माणसं एकदम न्यायाधीशासारखी बोलायला लागतात.

आज पहिल्यांदा मी दुपारी तीनला तिथं होतो. पारा चव्वेचाळीस. वर टिनाचं छत, कूलर छपाईच्या मशीनकडे वळवलेला, ऑपरेटरच्या टेबलाकडे नुसती झळ. कॅबिनेटमधला पंखा वरच्या पट्टीत ओरडत होता, सकाळी असा आवाज नसतो. मी कान द्यायला वाकलो. तेवढ्यात पडदा निळा झाला आणि सगळे प्रतीक्षाकडे पाहायला लागले. मीही.

ती माझ्यामागं रस्त्यापर्यंत आली. "काका, ही खुर्ची गेली तं मले धारणीले जा लागन. भाऊ हाये तिथं, होस्टेलवर शिपाई. वहिनीच्या हाताखाली पन्नास पोरांच्या भाकरी थापाच्या. तिथं दिवसातून चार घंटे लाइन नसते, मी डिझाइन कायच्यावर करू?"

"मी हावो ना," मी म्हटलं. "घाबरते काहून?"

तिला बरं वाटलं. माझ्या बोलण्यानं लोकांना बरं वाटतंच.

८ मे, गुरुवार

सामान आणायला अमरावतीला गेलो होतो. शाकीबकडे बसलो, तोही कॉम्प्युटरचाच कारागीर. पूर्वी मी आणि तो एकाच ठोक व्यापाऱ्याकडून माल घ्यायचो. पोरगा हुशार, पण बोलायला कडू.

मी गंमत म्हणून पायगुणाची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "चाचा, मेमरीचा वरचा वेग चालू ठेवला का?"

"मंग! छत्तीसशे."

"पट्ट्या एकाच जोडीच्या?"

मी चहा फुंकला. "सावत्र हायेत."

"मंग मशीन बिघडली नाई चाचा, तुमीच बिघडवली. सकाळी गार असते, कशीबशी निभावते. दुपारी पंचेचाळीस, त्यात वीस फुटाची फाईल. तो वेग त्या जोडीले झेपत नाई, मेमरी एकाचं दुसरं वाचते, पडदा निळा. वेग उतरवा आन् भर दुपारी चार घंटे चाचणी लावा. सकाळची चाचणी कायले लावता?"

"हे तुले कोण सांगतलं?"

"कोण कायले सांगन? दुपारी मरते म्हंजे तिले दुपार झेपत नाई. एवढं तं त्या ऑपरेटरच्याबी ध्यानात आलं असन."

आलं होतं. वहीत लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "घाई आहे, येतो." 'तुमीच बिघडवली' हे बडनेऱ्यापर्यंत कानात वाजत राहिलं. चाचा म्हणतो आणि वर असं बोलतो.

९ मे, शुक्रवार

सकाळी नितेशकडे गेलो ते वेग उतरवायचं ठरवूनच. तीन मिनिटांचं काम.

नितेश एका गिऱ्हाइकाला पडद्यावरचा आकडा दाखवत होता. "हे पाहा, छत्तीसशे. अख्ख्या अकोल्यात नाई." मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, उद्याचा दिवस पाह्यतो. सोमवारी बुद्धपौर्णिमा, बॅनरचा ढीग लागला हाये. उद्या तिच्या हाती पडली तं मंग मी तिले ठेवू शकत नाई. आईनं दोन दिवसांपासून तोंडात पाणी नाई घेतलं." (घेतलं होतं. मैनाबाईच्या पदरावर चहाचा ताजा डाग होता.)

मी टेबलाशी बसलो. बोट डिलीटवर होतं. आकडा उतरला की नितेश विचारणार, काहून उतरला. प्रतीक्षा वही उघडून म्हणणार, मेमरीच होती ना काका? आणि शाकीब अमरावतीत बसून सगळ्यांना सांगणार. तीस वर्षांत 'चूक माझी' हे शब्द दुकानाच्या उंबऱ्याबाहेर गेलेले नाहीत. आता कशाला जाऊ द्यायचे?

सोमवारी करतो. मधे कामाचा एकच दिवस. उद्या पडेलच असंही नाही. आणि पडली तरी मुलीचं नुकसान होणार नाही, हे मी पाहीन. अकोल्यात माझ्या हातच्या मशीन असलेली बारा फ्लेक्सची दुकानं आहेत, नितेशचं सोडून. माझ्या शब्दाला या शहरात वजन आहे. मी एक फोन केला की दुसऱ्या दिवशी तिला खुर्ची.

१० मे, शनिवार

सव्वातीनला पडली. चौथ्या बॅनरवर. नितेशनं फोनवर "काका" म्हटलं, तेवढ्यावरून कळलं.

मैनाबाईनं तिला आत येऊन पर्स घेऊ दिली नाही. पर्स दाराबाहेर आणून दिली म्हणे.

१२ मे, सोमवार

नऊला गेलो, वेग उतरवला. आकडा आता सव्वीसशे सहासष्ट. नितेश विचारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं: उन्हाळी ट्यूनिंग. त्यानं पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी मीच म्हटलं, "आकडा उतरवला हाये, उन्हाळ्यापुरता." तो म्हणाला, "तुमी कराल ते बराबर काका," आणि फोनवर बोलायला लागला.

यासाठी मी तीन दिवस थांबलो होतो.

भर दुपारी चार तास चाचणी लावली. स्वच्छ.

१५ मे, गुरुवार

तीन दुपारी झाल्या, एकदाही पडली नाही. नवा ऑपरेटर धम्मदीप सकाळपासून बसतो. पोरगा कानात गाणी घालून काम करतो, अक्षरं वाकडी बसवतो, पण मशीन चालते.

मैनाबाई परवा गुरुकुंज मोझरीला जाऊन आली. माझ्यासाठी वेगळा प्रसाद. "पाह्यलं जानराव? ते गेली आन् मशीन सुदरली. तुमीच पयले वळखलं." आजूबाजूला चार गिऱ्हाइकं होती, त्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तर तिनं त्यात पेढा घातला.

भिंतीवरचा कागद काढलेला नाही. येणारा जाणारा वाचतो.

१६ मे, शुक्रवार

प्रतीक्षा दुकानावर आली. बस म्हटलं तर बसली नाही.

"एकच विचाराचं होतं काका. सोमवारी तुमी मशीनमंधी काय केलं?"

"साफसफाई," मी म्हटलं. "धूळ लय होती."

"धूळ तं मी दर शनिवारी काढत होती."

"आतली धूळ असते. डोयानं दिसत नाई."

तिनं वही उघडली, उभ्यानंच लिहिलं. मी कान देऊन ऐकत होतो. रडणारा माणूस आधी नाकानं श्वास घेतो, मला ओळखू येतो. तसं काही नव्हतं. फक्त पेनचा आवाज.

"म्हंजे मेमरी नव्हती?"

"नाई."

"बरं झालं विचारलं." तिनं वही मिटली. "मी साऱ्यायले मेमरी मेमरी सांगत होती. म्हंजे मीच चुकली."

ती हे टोमणा म्हणून बोलली असती तर मला जमलं असतं, टोमण्याला माझ्याजवळ नेहमी उत्तर असतं. ती खरंच मानून बोलली. तीस वर्षं बाकीच्यांनी माझ्यावर ठेवला तोच विश्वास.

मी म्हटलं, "मंगळवारपर्यंत थांब. मी तुह्यासाठी खुर्ची पाह्यतो."

"मंगळवारीच खोली खाली करा लागते काका. तवापर्यंत झालं तं लय उपकार होतीन."

तिनं वाकून नमस्कार केला. मी "अगं, राहू दे" म्हणत पाय मागे घेतले, पण तोवर झाला होता.

१८ मे, रविवार

काल आणि आज फोन लावले.

पहिला म्हणाला, "तुमी सांगता म्हंजे झालं काका. कोण पोरगी?" नाव सांगितलं. पलीकडून हसण्याचा स्फोट. "ते पायगुणवाली? अहो, तुमचाच तं जोक हाये! 'दुपारच्या पार्टीचा पायगुण'!" त्यानं मला माझा विनोद पूर्ण ऐकवला. माझ्यापेक्षा चांगला सांगितला, जागा बरोबर घेतल्या.

दुसऱ्यानं तोच ऐकवला. तिसऱ्यानं त्यात भर घातली होती: "पयले नवरा खाल्ला, आता मदरबोर्ड." मी म्हटलं, असं बोलू नये. तो म्हणाला, "काका, तुमी तं गंमतच करता."

चौथ्या-पाचव्यानं बायकोला विचारून सांगतो म्हटलं. सहाव्याच्या बायकोनंच फोन उचलला.

१९ मे, सोमवार

आणखी पाच फोन सकाळी झाले. दोघांनी उचलले नाहीत, तिघे हसले.

राहिले नत्थुजी. अकोल्यातले सगळ्यात जुने, बॅनर हातानं रंगवायच्या काळापासूनचे. ते विनोद करत नाहीत आणि ऐकतही नाहीत.

"मी तिचं काम पाह्यलं हाये," म्हणाले. "अक्षराची समज असलेलं माणूस भेटत नाई आता. पण माह्या घरीबी बाया हायेत, त्यायच्या कानावरबी हे गेलं हाये. तू मले एवढंच सांग जानराव, ते मशीन कायनं पडत होती? तुह्या तोंडून एक कारण दे, मी घरात सांगतो आन् उद्यापासून तिले बसवतो."

दुकानात कोणी नव्हतं. पंखा फिरत होता. मी म्हटलं, "गर्मीनं पडे."

"मंग गर्मी गेली का? पारा तं अजून चव्वेचाळीसच हाये. आता काहून नाई पडत?"

मी घसा साफ केला. पलीकडे नत्थुजी वाट पाहत होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, संथ.

"काही गोष्टी असतात नत्थुजी," मी म्हटलं, "सांगता नाई येत."

"हं. म्हंजे लोकं म्हंतात ते खरं. मंग नको बाप्पा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

२१ मे, बुधवार

बारा दुकानांत फोन केले. प्रतीक्षा काल सकाळच्या बसनं धारणीला गेली.